पाऊस ओसरल्यावर धरणावर गळ: भाद्रपद ते कार्तिक (पुणे परिसर)

मुठाकाठ:
नमस्कार मंडळी. धागा काढायचं कारण असं की गणपती बसेपर्यंत पानशेतच्या फुगवट्याला, जिथे ओढा येऊन मिळतो ना, तिथे काठावरून गांडूळ लावून टाकलं की काही ना काही लागत होतं, कधी शिंगाडा, कधी मृगळ. पाणी गढूळ होतं, ओढ्याला जोर होता. आता विसर्जन झालं, पितृपक्ष लागला, पाऊस तुरळक झालाय आणि पाणी चांगलं निवळलंय, काठाजवळ तर तळातले दगड दिसतात. त्याच जागी, तोच चारा, आणि सकाळभर बसलं तरी तरंगा जागचा हलत नाही. सोबतचे म्हणतात हंगाम संपला, आता उन्हाळ्यात बघू. मला ते पटत नाहीये कारण पलीकडच्या काठावरून गावातली माणसं रोज मासे घेऊन जाताना दिसतात. म्हणजे मासा आहे, खातोय पण, फक्त माझ्यासमोर नाहीये. जाणकारांनी सांगा की या दिवसांत नेमकं काय बदलतं आणि बसायचं कुठे.

तंगूस:
हंगाम संपलेला नाही. उलट माझ्या मते काठावरून गळ टाकणाऱ्याचा खरा हंगाम आता सुरू होतोय, दसरा ते देवदिवाळी. फक्त जागा बदलावी लागते, आणि लोक जागा सोडून बाकी सगळं बदलत बसतात, नवा रॉड घेतात, चाऱ्यात व्हॅनिला घालतात, आणि बसतात त्याच दगडावर.

जरा सविस्तर लिहितो. पावसाळ्यात ओढ्याच्या तोंडाशी मासा का येतो, तर वरून वाहत येणारं पाणी किडे, गांडुळं, सडकी पानं घेऊन येतं, आयतं खाणं. शिवाय चढणीचा मासा त्याच पाण्याच्या दिशेने वर जायला बघत असतो. गढूळ पाण्यात त्याला काठाची भीती वाटत नाही कारण वरून कोण बघतंय ते त्याला दिसत नाही. ओढा आटला की तिथलं खाणं बंद, आणि पाणी निवळलं की तुमची सावली, टोपी, शर्ट सगळं त्याला दिसतं. मग तो दोन गोष्टी शोधतो, आडोसा आणि खोली, आणि दोन्ही एकमेकांजवळ असतील तर सोन्याहून पिवळं.

आता हा आडोसा पाण्याखाली कुठे आहे ते भरलेल्या धरणाकडे बघून कळत नाही. त्यासाठी मे महिन्यात जायचं. शहराला पाणी पुरवायला वरच्या धरणांतून खडकवासल्यात पाणी सोडत राहतात, त्यामुळे पानशेत आणि वरसगाव उन्हाळ्याच्या शेवटी बरंच उघडं पडतं. आंबी आणि मोसे नद्यांच्या खोऱ्यांतली जुनी भातखाचरं, त्यांचे दगडी बांध, जुन्या वाटा, ओढ्याचं मूळ पात्र, झाडांचे बुंधे सगळं डोळ्यांसमोर असतं. तेव्हा मोबाईलवर फोटो काढायचे आणि काठावरच्या न हलणाऱ्या खुणेशी जोडून ठेवायचे, म्हणजे अमुक आंब्याच्या सरळ रेषेत खाली बांध आहे, असं. ऑक्टोबरमध्ये तोच बांध दहा-पंधरा फूट पाण्याखाली असतो आणि मासा त्याच्या कडेकडेने फिरतो. पलीकडची गावातली माणसं तुमच्यापेक्षा जास्त मासे नेतात त्याचं कारण एवढंच आहे, त्यांना खालची जमीन पाठ आहे, काहींच्या घरच्यांनी ती कसलेली आहे.

या वर्षी मे निघून गेला, तर आता दुसरा उपाय. गळाशिवाय नुसतं शिसं बांधून टाका आणि सावकाश ओढत आणा. चिखलावर ते जड आणि एकसारखं येतं, मुरुमावर खरखर हाताला कळते, बांध आला की अडकतं आणि सुटतं. अर्धा तास यात घालवा, त्या अर्ध्या तासाने पूर्ण दिवस वाचतो.

शिवापूर_वाट:
तंगूसदादा, प्रतिसाद सेव्ह करून ठेवला. शिसं ओढायचं कधी डोक्यात आलं नव्हतं. चारा काय लावायचा या दिवसांत? मी सगळ्याला कणीकच लावतो.

तंगूस:
चारा माशावर आणि त्याच्या तोंडावर ठरतो. कटल्याचं तोंड वर वळलेलं असतं, तो वरच्या थरातलं बारीक जीवजंतूंचं खाणं गाळून खातो. रोहू मधल्या थरात. मृगळ आणि सायप्रिनस (कॉमन कार्प) तळाशी. म्हणून कटल्याला तळाशी कणकेचा गोळा टाकून काही होत नाही, त्याला शेंगदाणा पेंड आणि सत्तूचा भुसभुशीत गोळा पाहिजे, पाण्यात पडला की विरत जाणारा, आणि गळ पाण्याच्या वरच्या भागात लोंबता. रोहूला पेंड आणि कणीक मळून, जरा घट्ट. मृगळीला तळाशी गांडूळ चालतं. मरळीला यातलं काही नको, तिला हलणारं पाहिजे, गवताच्या कडेला रबराचा बेडूक ओढा.

आणि तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉन दोरा, बारीक करा. गढूळ पाण्यात जाड चालून जाते, निवळलेल्या पाण्यात पॉइंट तीस मिलिमीटरच्या वर जाऊ नका. शिसंही हलकं. काठापासून दोन पावलं मागे बसा, सूर्य पाठीशी असेल तर सावली पाण्यावर पडते, तेव्हा बाजू बदला.

ऑक्टोबर हीटमध्ये दुपारी अकरा ते चार काही अर्थ नाही, घरी झोपा. पहाट आणि संध्याकाळ. दिवाळीनंतर थंडी पडली की उलटं होत जातं, सकाळी पाणी गार असतं तेव्हा मासा सुस्त, ऊन चढल्यावर दहानंतर काठाजवळच्या उथळ पाण्यात येतो. हे पुष्कळ जण लक्षात घेत नाहीत आणि डिसेंबरमध्ये पण पहाटे पाचला कुडकुडत बसतात.

थंडपाणी:
मी मूळचा सदाशिव पेठेतला, सध्या मिनेसोटात. वाचून फार बरं वाटलं, कारण इथेही सध्या सगळ्यांच्या तोंडी हाच प्रश्न आहे, ऑगस्टमध्ये जिथे मासा होता तिथून तो गेला कुठे. इथलं कारण मात्र वेगळं आहे म्हणून लिहितो.

इथल्या तळ्यांत उन्हाळ्यात पाण्याचे थर पडतात. वर कोमट हलकं पाणी, तळाला गार जड पाणी आणि मध्ये एक पातळ पट्टा जिथे तापमान एकदम उतरतं. पोहताना पाय खाली सोडले तर हा गारठा पायाला जाणवतो. वरचं आणि खालचं पाणी मिसळत नाही, त्यामुळे उन्हाळा सरेपर्यंत तळाच्या पाण्यातला ऑक्सिजन संपत येतो आणि मासा त्या पट्ट्याच्या वरच राहतो. मग सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये रात्री गार होतात, वरचं पाणी थंड होऊन जड होतं, खाली जायला लागतं, आणि एखाद्या वादळी वाऱ्याच्या दिवसात अख्खं तळं ढवळून निघतं. तळाचा कुजका वास वर येतो, पाणी गढूळ दिसतं, आणि काही दिवस मासा कुठेही असू शकतो कारण आता वरपासून खालपर्यंत सगळीकडे सारखंच तापमान आणि सारखाच ऑक्सिजन. त्या दिवसांत अनुभवी लोक दुसऱ्या तळ्यावर जातात, उथळ तळी आधी ढवळतात आणि खोल तळी नंतर. पाणी चार अंशांना सगळ्यात जड असतं, म्हणून पुढे हिवाळ्यात चार अंशांचं पाणी तळाशी आणि बर्फ वर, मासा खाली जिवंत.

ढवळणं संपलं की मात्र इथे वर्षातले सगळ्यात चांगले दिवस. हिवाळ्याआधी वॉलआय आणि स्मॉलमाउथ बास हे इथले शिकारी मासे जोरात खातात. आणखी एक खूण म्हणजे पाण्यातलं गवत. जे अजून हिरवं आहे तिथे मासा सापडतो, जे पिवळं पडून कुजायला लागलंय तिथून निघून जातो, कारण कुजताना ते ऑक्सिजन ओढून घेतं.

आपल्याकडे पानशेतला असं ढवळणं होतं का? तंगूस यांचं मत ऐकायला आवडेल.

तंगूस:
थंडपाणी, छान लिहिलंत. आपल्याकडे चार अंशांचा प्रश्नच येत नाही, इतकं पाणी गार होत नाही. खोल धरणांत मार्च ते मे मध्ये थर पडतात पण ते मोडायला हिवाळा लागत नाही, जून-जुलैमध्ये घाटावरून लोंढा येतो तोच सगळं ढवळून टाकतो. म्हणजे तुमचं ढवळणं पानगळीत, आमचं मृग नक्षत्रानंतर. आमच्याकडे आत्ता जे होतंय ते निवळणं, गाळ खाली बसणं. ऊन खोलवर जायला लागतं, शेवाळ आणि बारीक जीव वाढतात, त्यामागे खवल्या-आंबळीसारखे चिल्लर मासे, त्यांच्यामागे शिंगाडा आणि शिवडा. थंडी पडली की आणखी एक फायदा, गार पाण्यात ऑक्सिजन जास्त मावतो. तीस अंशांना लिटरमागे साधारण साडेसात मिलिग्रॅम, वीस अंशांना नऊच्या आसपास. म्हणून नोव्हेंबरमधला रोहू गळाला लागल्यावर जी ओढ देतो ती मेमधला देत नाही.

हिरव्या गवताची खूण मात्र इथेही तंतोतंत लागू आहे, मी स्वतः त्यावरच मरळ शोधतो.

भीमाकाठ:
मी भिगवणकडची, आमचं घर मासेमारीवरच चालतं. तुम्ही सगळे वरच्या धरणांचं बोलताय म्हणून उजनीचं सांगते, कारण पुण्याहून रविवारी गळ घेऊन येणारी माणसं आमच्याकडं पण खूप असतात.

उजनीला पाणी निवळणं वगैरे वरच्या धरणांसारखं नाही होत. पुण्याचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत येतं आणि भीमेतून आमच्याकडं. पाऊस थांबला, ऊन पडलं की पाणी हिरवं व्हायला लागतं. अशा पाण्यात दिवसा शेवाळ ऑक्सिजन सोडतं आणि रात्री तेच ओढतं, त्यामुळं पहाटे पाण्यात ऑक्सिजन सगळ्यात कमी असतो. सकाळच्या पारी मासे वर तोंड काढून गपागपा करताना दिसले तर लोक खूश होतात की मासा वर आलाय, पण तो खायला नाही आलेला, त्याला श्वास पुरत नाहीये. तेव्हा गळ टाकून काही लागत नाही. ऊन जरा वर आलं की बघा. मरळीचं वेगळं, ती हवेतला श्वास घ्यायलाच वर येते, तिचं चालू राहतं.

गळाला तुम्हाला चिलापीच (तिलापिया) जास्त लागंल. चिलापी वर्षभर पिल्लं घालते आणि मादी अंडी-पिल्लं तोंडात धरते, त्यामुळं ती कुठंही वाढते. चिलापी न्या, पाहिजे तेवढी न्या, त्यानं तळ्याचं काही बिघडत नाही. पण या महिन्यांत एक ध्यानात ठेवा. रोहू, कटला, मृगळ यांना अंडी घालायला वाहतं पाणी लागतं, साठलेल्या पाण्यात ते अंडी घालत नाहीत, म्हणून मत्स्यबीज विकत आणून सोडावं लागतं. बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, पावसाळ्यात आणि त्यानंतर सोडतात. म्हणजे आत्ता गळाला जो वीतभर रोहू-कटला लागतो तो सोडलेलाच असायची शक्यता जास्त, आणि तो पुढच्या वर्षी किलोभर होणार असतो. तो परत पाण्यात टाका. आमच्याकडं वडाप जाळं टाकून बारीक मासा काढणारे आहेत, त्यांच्याशी आमचं भांडण चालूच आहे, त्यात गळवाल्यांनी भर घालू नये एवढंच म्हणणं.

आणि मरळीचं पण. पावसात आणि पाऊस सरता सरता गवताजवळ बारीक लालसर पिल्लांचा घोळका दिसला तर खाली आई-बाप राखणीला असतात. त्या वेळी ती जोडी चिडून कशावरही झडप घालते, धरायला सोपी. धरू नका, दोघं गेली की तासाभरात सगळी पिल्लं दुसरे मासे खाऊन टाकतात.

मुठाकाठ:
ताई, हे कुठेच वाचलं नव्हतं, खूप धन्यवाद. दोन प्रश्न आहेत. गळ टाकायचा पास कुठे मिळतो? आणि मागच्या आठवड्यात मुळशीकडे एका मित्राला मोठ्या खवल्यांचा सोनेरी झाक असलेला मासा लागला, तोंडाला दोन्ही बाजूंनी मिशा, ओठ जाड. फोटो बघून एक जण म्हणाला खडशी. ते खरं असेल तर काय करायला हवं होतं? घरी नेऊन खाल्ला त्याने.

भीमाकाठ:
बहुतेक तलाव मत्स्यव्यवसाय विभाग ठेक्यानं मच्छीमार सहकारी संस्थांना देतो. म्हणून आधी त्या तलावाची संस्था कोणती ते गावात विचारायचं, गळासाठी पास देतात का आणि कुठला काठ मोकळा ते त्यांच्याकडनंच कळतं. संस्थेनं पैसे भरून बीज सोडलेलं असतं, ते फुकटचं पाणी नाही. आणि पावती जवळ ठेवा.

मावळमाती:
वर्णनावरून खडशीच, म्हणजे महाशीर. या माशाचं पुण्याशी नातं फार जुनं आहे, शास्त्रीय जगाला दख्खनच्या महाशीरची ओळख झाली ती इथूनच. इंग्रज अधिकारी कर्नल साईक्स यांनी १८३९ मध्ये त्याचं वर्णन छापलं ते मुळा-मुठेतल्या माशावरून. आज मुळा-मुठेत पुण्याच्या पूर्वेला काय परिस्थिती आहे ते सगळ्यांना माहीत आहे. लोणावळ्याजवळ वळवण धरणावर टाटांच्या केंद्रात या माशाची पैदास सत्तरच्या दशकापासून झाली आणि तिथलं बीज देशभर गेलं, मावळ-मुळशीकडच्या पाण्यातही तो दिसतो ही आपल्यासाठी आनंदाची गोष्ट आहे. (त्यातलं बीज कावेरीत सोडलं गेलं आणि तिथल्या मूळच्या महाशीरला त्याचा त्रास झाला, म्हणून कुठलाही मासा उचलून दुसऱ्या नदीत सोडणं मला पटत नाही, पण तो वेगळा विषय.)

काय करायला हवं होतं, तर सोडून द्यायला. हा मासा हळू वाढतो आणि स्वच्छ वाहत्या पाण्यात, खड्यांवर अंडी घालतो. मोठी मादी गेली की तेवढ्या पाण्यातली पुढची पिढीच गेली. सोडायची पण पद्धत आहे. हात ओले करून धरा, कोरड्या हाताने अंगावरचा चिकट थर निघतो आणि मग बुरशी लागते. दगडावर ठेवू नका. फोटो काढायचा तर पाण्याच्या अगदी वर, काही सेकंद. गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा आधीच पक्कडीने दाबून ठेवा, गळ लगेच निघतो. मग डोकं प्रवाहाकडे करून पाण्यात आधार द्या, तो स्वतः जोर लावून निघेपर्यंत हात काढायचा नाही.

पंगतीतला_मासा:
मला हे सोडून द्यायचं प्रकरण पूर्ण मान्य नाही. माझे वडील आणि त्यांचे वडील मासा खाण्यासाठी धरायचे, खेळायला नाही. तोंडात गळ रुतवायचा, दमवायचा, फोटो काढायचा आणि सोडायचा, यात माशाचं काय भलं? खाणार असाल तर धरा, नाहीतर धरू नका.

मावळमाती:
तुमच्या मुद्द्यात तथ्य आहे आणि म्हणूनच मी स्वतः मुद्दाम खडशीच्या मागे गळ घेऊन जात नाही. पण रोहूसाठी बसल्यावर खडशी लागू शकते, तेव्हा काय करायचं एवढाच प्रश्न आहे. महाडजवळ वाळणकोंडीला डोहात हाच मासा देवाचा म्हणून राखलाय, लोक कुरमुरे टाकतात, कुणी धरत नाही. म्हणजे काही मासा खायचा आणि काही राखायचा ही आपलीच रीत आहे.

पंगतीतला_मासा:
खडशीबद्दल मान्य. रोहू-कटला-चिलापी मात्र मी नेणार आणि खाणार, फक्त बारका सोडणार.

शिवापूर_वाट:
माझे काका पाटबंधाऱ्यात होते, त्यांच्या सांगण्यावरून एक लिहितो. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये धरणं काठोकाठ असतात. परतीचा पाऊस घाटात झाला की विसर्ग अचानक वाढवावा लागतो, आपल्याकडे ऊन असतं तेव्हासुद्धा. भिडे पुलावर पाणी आल्याची बातमी पुण्यात आपण टीव्हीवर बघतो, पण सांडव्याखालच्या खडकावर बसलेल्याला बातमी बघायला वेळ मिळत नाही. भिंतीजवळ आणि सांडव्याखाली बसायचंच नाही, तिथे मासा कितीही दिसू दे. भरल्या धरणाचा काठही फसवा असतो, वर गवत आणि खाली भिजून सुटलेली माती. एकटं जाऊ नका, लाइफ जॅकेट सातशे-आठशे रुपयांपासून मिळतं. आणि तुटलेली तंगूस खिशात घालून घरी आणा, बगळ्यांच्या पायात गुंतलेली बघवत नाही.

भीमाकाठ:
हे बरं लिहिलं दादा. आणि कुणी जिलेटिन नाहीतर औषध टाकताना दिसलं तर पोलिसांना कळवा, १८९७ च्या कायद्यापासून दोन्हीला बंदी आहे. दिवाळीच्या आसपास हे प्रकार वाढतात.

मुठाकाठ:
ठरलं मग. नवरात्रात घरी मासे चालत नाहीत, तेव्हा एक सकाळ नुसतं शिसं ओढून वरसगावचा तळ समजून घेणार आणि संस्थेत जाऊन पासचं बघणार. कोजागिरीनंतरच्या रविवारी गळ. तंगूसदादा, येणार का?

तंगूस:
येतो. पेंड मी घेऊन येतो, मार्केट यार्डातून ताजी आणतो, जुनी पेंड खवट वास मारते आणि रोहू तोंड लावत नाही. पहाटे साडेपाचला खडकवासल्याच्या चौकात थांबा. बारीक तंगूस आणा आणि भडक शर्ट घालू नका.

पंगतीतला_मासा:
भीमाकाठ ताई, एक विचारायचं राहिलं. चिलापीला चिखलाचा वास येतो म्हणून घरचे नाक मुरडतात, तुम्ही काय करता?

भीमाकाठ:
पोटाच्या आत काळा पातळ पापुद्रा असतो, तो बोटानं खरवडून सगळा काढायचा. कल्ले आणि डोक्याकडचं रक्त नीट धुवायचं. मग जाड मीठ, हळद आणि चिंचेचा कोळ लावून अर्धा तास ठेवायचं आणि ते पाणी टाकून द्यायचं. त्यानंतर लसूण, मिरची, कोथिंबिरीचं वाटण लावून ज्वारीच्या पिठात घोळवून लोखंडी तव्यावर कमी तेलात भाजा. हिरव्या पाण्यातली चिलापी असंल तर चिंच जरा जास्त.